गणपतीशाळांच्या मालकांना खुलं पत्र: आखणी शिकणाऱ्या मुलाचा फोन

सिंधुदुर्गातल्या गणपतीशाळांचे, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यांचे मालक, मूर्तिकार आणि आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला बसणारे सगळे यांना सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामात तुमच्या शाळेत एखादा नवा मुलगा किंवा मुलगी कुंचला धरायला बसणार असेल, तर हे पत्र त्यांच्यासाठी आहे. लिहिते मात्र तुम्हाला, कारण शाळेत काय चालेल आणि काय नाही हे ठरवणारे तुम्ही आहात.

मी तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. दर श्रावणात शाळा सुटली की वडिलांच्या गणपतीशाळेत डोळे लिहायला बसले. वडील गेल्यावर शाळा भाऊ चालवतो. आखणी अजून माझ्याकडेच आहे. म्हणून बोलते आहे ते या एकाच कामाबद्दल. मातीकामाबद्दल किंवा अंगरंगाबद्दल मी काही म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी वाडीतला एक मुलगा बारावीची परीक्षा देऊन मे महिन्यात आमच्याकडे यायला लागला. हात चांगला होता. कानात इअरफोन मात्र कायम. डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सवाल-जवाबाचे सामने, क्रिकेट, मित्रांचे निरोप, जे लागेल ते. फोन थरथरला की कुंचला डाव्या हातात, उजव्या अंगठ्याने उत्तर, परत कुंचला उजव्यात. मी एक-दोनदा बोलले. भाऊ म्हणाला, "ताई, बोलू नको. उद्यापासून येणार नाही तो." मी गप्प बसले. ते माझं चुकलं. इथे सांगते आहे, कारण तुमच्यातलेही बरेच जण त्याच भीतीने गप्प बसता हे मला माहीत आहे. रंगवणारे हात कमी होत चालले आहेत. कोणी गोव्याला जातो, कोणी मुंबईला. जो येतो त्याला दुखवायचं कसं?

आषाढभर तो घासलेल्या करवंट्यांवर डोळे काढत होता. नारळी पौर्णिमेनंतर छोट्या मूर्ती त्याच्या हातात दिल्या. डोळे बरे उतरत होते. मला वाटलं, आपली भीती उगाच होती.

चतुर्थीला पाच दिवस राहिले असताना वादळी पाऊस झाला, लाइनवर झाड पडलं आणि दोन दिवस वीज नव्हती. पहिल्याच संध्याकाळी त्याचा फोन बंद पडला. आम्ही गॅसबत्ती लावून बसलो. त्या रात्री त्याने सात मूर्ती घेतल्या आणि सातांपैकी एकीचाही दुसरा डोळा पहिल्याशी जुळेना. कुठे नजर वर गेलेली, कुठे पापणी जाड, कुठे बुबुळ नाकाकडे सरकलेलं. कुंचला खाली ठेवून तो म्हणाला, "बाई, हात ऐकणा नाय आज." मी उजेडाला दोष दिला. सकाळी त्याला पडवीत बसवलं. ढगाळ असलं तरी उजेड भरपूर होता. तरी तीच गत. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, फोन चार्ज झाला, कानात भजन सुरू झालं, आणि तासाभरात त्याचा हात जिथे होता तिथे परत आला.

फोनमुळे हात बिघडलेला मी शंभरदा पाहिला होता. फोन नसल्यामुळे बिघडलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याचं कारण मला सांगता येईना.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातला एक प्रयोग समजावून दिला. जू-ह्यून साँग आणि पॅट्रिक बेदार यांनी तो 2015 साली प्रसिद्ध केला. माणसाने हातातल्या लेखणीने पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या जागी न्यायचा असतो. मात्र ठिपका हाताच्या दिशेने जात नाही, त्याची दिशा मुद्दाम वळवलेली असते. हात सरळ नेला की ठिपका तिरका जातो. थोड्या सरावाने डोळ्याचा आणि हाताचा नवा हिशोब बसतो आणि ठिपका जागेवर जायला लागतो. काही जणांना हे शिकत असतानाच पडद्यावर झरझर बदलणाऱ्या खुणांमधल्या ठरावीक खुणा मोजायला लावल्या. म्हणजे हात एका कामात आणि लक्ष दोन कामांत. शिकताना त्यांचा हात मागे पडलेला दिसला नाही. फरक दिसला नंतर, शिकलेलं पुन्हा करून दाखवायच्या वेळी. लक्ष वाटून शिकलेल्यांना तेव्हाही दुसरं काम दिलं, तर हात जमलेला होता. दुसरं काम काढून घेतलं आणि फक्त ठिपका न्यायला सांगितला, तर ते जणू शिकलेच नव्हते अशा ठिकाणी परत गेले. दुसरं काम अगदी आधीचंच असायला हवं असंही नव्हतं. लक्ष तसंच वाटलेलं असलं की पुरत होतं.

हे ऐकल्यावर मला पडवीतली ती सकाळ आठवली. उजेड पुरेसा, आवाज नाही, त्रास द्यायला कोणी नाही, आणि मुलाचा हात रिकामा. त्याने चार महिने रेघ शिकली होती, आणि रेघेबरोबर मनाची ती दुभंगलेली अवस्थाही शिकला होता. दोन्ही गोष्टी एका गाठीत बसल्या होत्या.

एका मुलावरून सिद्धांत होत नाही हे मी जाणते. त्या दोन दिवसांत झोप कमी होती, घाई होती, गिऱ्हाइकं दारात उभी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते आणि प्रयोगात जे घडलं ते इतकं सारखं होतं, की त्यानंतर मी वाचायला लागले, भाचीला छळायला लागले आणि आमच्या शाळेतली शिकवण्याची रीत बदलली.

"मला फोनचा काही त्रास होत नाही, बाई," असं प्रत्येक मूल म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. पण हात काय शिकतो हे ज्याचा हात त्यालाच कळतं असं नाही. मी नववीच्या वर्गात मुलांना आरशात बघून चांदणी गिरवायला लावत असे. कागद आणि हात पुठ्ठ्याआड लपवायचा आणि फक्त आरशातलं प्रतिबिंब बघून रेघ ओढायची. पहिल्या दिवशी कोपऱ्यावर सगळ्यांचा हात उलटा पळायचा. चार दिवसांनी जमायला लागायचं. कसं जमलं विचारलं तर एकालाही सांगता यायचं नाही. कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हीच चांदणी हेन्री मोलेसन नावाच्या माणसाला गिरवायला दिली होती. 1953 मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याच्या मनात नवीन आठवण टिकत नसे. तीन दिवस त्याने चांदणी गिरवली आणि हात दिवसागणिक सुधारत गेला. पण हे आपण आधी कधी केलं आहे, हे त्याला एकदाही आठवलं नाही. हाताची वही वेगळी आणि मनाची वही वेगळी. हाताच्या वहीत काय लिहिलं गेलं हे मुलाला विचारून समजणार नाही. रेघ बघूनच समजेल, आणि तीही फोन असताना एकदा, नसताना एकदा अशी बघायला हवी.

आता दुसऱ्या डोळ्याकडे येते. तुम्हाला सांगायला नको की पहिला डोळा कोणीही काढतो. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ, बाहुली, शेवटी पांढरा ठिपका. खरं काम दुसऱ्या डोळ्याला सुरू होतं. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, पहिल्या डोळ्याचं माप नजरेत धरायचं आणि हात उलट्या दिशेने तेवढाच वळवायचा. रेघ चुकतेच. चुकली की दोन गोष्टी व्हायला हव्यात. ती रेघ तिथल्या तिथे सावरायची, आणि पुढच्या मूर्तीवर ती चूक होऊ द्यायची नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी आयुष्यभर समजत होते.

त्या एक नाहीत. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉर्डन टेलर आणि कर्ट थरोमन यांनी 2007 मध्ये हे फार स्वच्छ दाखवलं. माणूस एका यंत्राचा दांडा धरून हात पुढे नेतो आणि यंत्र मध्येच हाताला ढकलतं. त्याच वेळी कानावर पडणाऱ्या सुरांमधला फरकही ओळखायचा असतो. लक्ष असं वाटलेलं असतानाही धक्का बसलेला हात त्या क्षणी सावरण्यात काही कमी पडत नव्हतं. पण त्या धक्क्यापासून शिकून पुढच्या खेपेला हात आधीच तयार असणं, ते मात्र कमी झालं.

हे वाचून मी उठून अंगणात गेले. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचं वर्णन त्या दोन वाक्यांत होतं. मुलगा रेघ सावरतो, मूर्ती गिऱ्हाइकाला देण्याजोगी होते, मालक समाधानी असतो. पण तो तीच रेघ दुसऱ्या वर्षीही सावरत असतो आणि तिसऱ्या वर्षीही. आपण म्हणतो, याचा हात एवढाच. तो एवढाच नव्हता. चूक दिसत होती, पण पुढच्या रेघेपर्यंत पोचत नव्हती, कारण दोन रेघांमधली जी चार सेकंदं शिकण्याची, ती निरोप वाचण्यात जात होती. वडील सांगायचे, "आदी बघ, मगे वढ." मी त्याचा अर्थ रेघ ओढण्याआधी बघ एवढाच घेत होते. ओढून झालेली रेघही बघायची, हे त्यात होतंच. वडील प्रत्येक रेघेनंतर मान मागे घेऊन क्षणभर थांबायचे. मला तो विसावा वाटायचा.

तुमच्यातले जुने मूर्तिकार मला अडवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. "आम्ही रेडिओ लावून जन्मभर डोळे लिहिले. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र लावायचं. बिघडला का आमचा हात?" नाही बिघडला. शिकाऊ हात आणि मुरलेला हात ही वेगळी माणसं आहेत. पॉल फिट्स आणि मायकेल पोझ्नर यांनी 1967 मध्येच हातकामाच्या शिक्षणाचे तीन टप्पे मांडले. आधी प्रत्येक हालचाल विचार करून, मग चुका घटवत, आणि शेवटी हात आपोआप चालतो. शेवटच्या टप्प्यावरचं मन मोकळं असतं, त्याला रेडिओ चालतो. शायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये गोल्फ आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर केलेल्या कामात तर असं दिसलं, की मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला लावलं की त्याचाच खेळ बिघडतो, आणि कानाला दुसरं काम दिलं तर फारसं बिघडत नाही. नवशिक्याचं नेमकं उलट. म्हणून चाळीस वर्षं आखणी केलेल्या माणसाचा रेडिओ बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण हेही आठवून बघा, तुम्ही शिकत होतात तेव्हा तो रेडिओ कोणाचा होता? तुमच्या वडिलांचा किंवा मालकाचा. तुमच्या कानात घातलेला नव्हता, आणि तो तुम्हाला काही विचारत नव्हता.

विचारणं हाच फरक आहे. "कानाने ऐकलं तर डोळ्याला काय त्रास?" असंही कोणी म्हणेल. मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांच्या 1987 च्या प्रयोगात लोकांसमोर चार दिवे होते. जो लागेल त्याच्याखालची कळ दाबायची. दिव्यांचा क्रम दहा जागांनंतर तोच तोच येत होता, आणि हात तो क्रम हळूहळू उचलून झपाट्याने कळा दाबायला लागायचा. ज्यांना त्याच वेळी कानावर पडणारे सूर मोजायला लावले त्यांच्या हाताने तो क्रम उचलला नाही. सूर कानाचं काम, दिवे डोळ्याचं. तरी अडलं. मोजायचं असेल, उत्तर द्यायचं असेल, कोण पुढे आहे हे लक्षात ठेवायचं असेल, तर कानाचं कामही हाताच्या शिकण्यातून वाटा घेतं. डबलबारीत बुवाने काय उत्तर दिलं हे ऐकणं म्हणजे नुसता ताल ऐकणं नव्हे, हे आपल्याकडे कोणाला सांगायची गरज नाही.

शिकवणाऱ्यांबद्दलही एक बोलायचं आहे, आणि यात माझाही दोष आहे. फोन काढून घेतल्यावर आपण मुलाच्या डोक्यावर उभे राहतो. "मनगट वळव, बोट वर घे, कोपर दाब." तेही लक्ष फोडणंच आहे. गाब्रिएले वुल्फ यांनी 1998 मध्ये आणि त्यानंतरही अनेकदा दाखवलं आहे, की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अंगावर वळवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हात लवकर आणि चांगला शिकतो. आता मी मनगटाचं नावच घेत नाही. "टोक कुठे चाललंय बघ," "पापणी कानाकडे जाऊ दे," एवढंच म्हणते, आणि तेही रेघ संपल्यावर. रेघ चालू असताना बोलायचं नाही. ही शिस्त मुलांपेक्षा मलाच जास्त जड गेली.

तर माझी मागणी अशी. आषाढ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत, शिकणारा सरावाला बसला की त्याचा फोन त्याच्या हाताशी आणि कानाशी नको. दिवसभर नव्हे. सकाळी एक तास, दुपारच्या जेवणानंतर एक तास, बस्स. मध्ये त्याने खुशाल फोन बघावा, आईला उत्तर द्यावं, डबलबारी ऐकावी. तासाभराच्या शांततेला मुलं तयार होतात, दिवसभराच्या बंदीला होत नाहीत. गेली दोन वर्षं आम्ही हे करतो आहोत आणि या कारणाने एकही मूल सोडून गेलेलं नाही. भावाची भीती खरी ठरली नाही.

फोन लागतोच, हे मला मान्य आहे. मूर्ती बसवायचा पाट देऊन जाणारं गिऱ्हाईक आता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, अमक्या राजासारखे डोळे हवेत म्हणून. तो फोटो बाजारातून छापून आणा आणि मूर्तीच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला लावा. फोन समोर ठेवून डोळे लिहायला लावलं तर फोटोवरच निरोप येऊन पडतो आणि पोराची नजर तिथे जाते. शिकणाऱ्याचं काय, माझीही जाते.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपण कोणीच करत नाही. शांततेत शिकलेला हात शांततेतच ठेवून चालणार नाही. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात शाळेत शांतता नसतेच. चाकरमानी आलेले, पोरं खेळत असलेली, दारात टेम्पो, कोणीतरी आपला पाट शोधतोय, माटवी, म्हणजे गणपतीवरची सजावट, बांधायची राहिली म्हणून कोणी घाई करतोय. मूल कायम मागच्या खोलीत शिकलं आणि त्या आठवड्यात अचानक पुढे बसवलं, तर त्याचा हात बिचकेल, जसा आमच्या मुलाचा शांततेत बिचकला. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर त्याला दरवाज्याजवळ बसवा. लोक येऊ देत, बोलू देत. मूर्ती त्याच आणि रेघा त्याच, फक्त आजूबाजूचं बदलू दे. आधी हात पक्का आणि मग गर्दी, हा क्रम मात्र उलटा करू नका. आज बहुतेक शाळांत तो उलटाच चालतो. मूल पहिल्या दिवसापासून गोंगाटात शिकतं, आणि घरच्या मूर्तीसाठी एकट्याने शांत बसायची वेळ आली की अडतं.

हंगामाआधी तुमच्या बैठका होतात. मातीचे दर, रंगाचे दर, मजुरी यांवर बोलणं होतं. त्यात एक विषय शिकणाऱ्यांचा घ्या. एका शाळेने नियम केला आणि शेजारच्या वाडीत नसला, तर मूल तिकडे जाईल ही धास्ती राहणारच. चार-सहा शाळांनी मिळून ठरवलं तर ती राहणार नाही.

तो मुलगा आता एकविसाचा आहे. मागच्या वर्षी त्याला मी पुन्हा करवंट्यांवर बसवलं. मूर्ती लिहिणाऱ्याला परत करवंटी देणं हा अपमान आहे, हे मला कळत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, ते प्रयोगही सांगितले. तो आठ दिवस बोलला नाही, पण येत राहिला. महिनाभर रोज तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसला. पहिल्या आठवड्यात रेघ नवशिक्यासारखी थरथरत होती. श्रावणात आमच्या घरच्या गणपतीचे डोळे मी त्याला लिहायला दिले. दुपारची वेळ होती, शाळेत आम्ही दोघंच होतो. पहिला डोळा झाल्यावर त्याने मान मागे घेतली आणि थांबला.

येत्या ज्येष्ठात कुडाळ, मालवण, वेंगुर्ला या भागातल्या ज्या शाळेला हवं असेल तिथे मी स्वखर्चाने यायला तयार आहे. दोन सकाळी पुरतील. घासलेल्या करवंट्यांचं पोतं, खडूचा रंग आणि झिरो नंबरचे कुंचले मी घेऊन येईन. मुलं तुम्ही बसवा.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक आखणी करणारी,
निवृत्त चित्रकला शिक्षिका